खुणेचा दगड

“सात नंबर गेले, साडेतीनला. बॉडी नेली, बेड तयार आहे. आठ नंबरचं सलाईन अकराला संपेल. नऊ नंबर रात्रभर जागे. दहा नंबरला ताप, डॉक्टरांना कळवलंय.”

सकाळचे साडेसात वाजले होते. वसईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर सकाळपाळीला ‘ओव्हर’ देत होती. ती कुठे अडखळली नाही, काही विसरली नाही. पण तिचा आवाज विरार लोकलमध्ये पुढच्या स्टेशनाची घोषणा होते तसा होता. चाळीस खाटांचा हिशेब बारा मिनिटांत संपला. इन्चार्ज सिस्टरने वहीत ‘बेड ७ रिकामा’ असं लिहिलं, खाली सही केली आणि ती दिवसाच्या कामाकडे वळली.

रात्रपाळीची मुलगी मात्र तिथेच उभी राहिली. तिने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

“नोटीस आहे, सिस्टर. एक महिन्याची.”

“किती जास्त देतायत तिकडे?” इन्चार्ज सिस्टरने मान वर न करताच विचारलं. वर्षभरातला हा बारावा कागद होता. बहुतेक मुली मीरा रोडला नाहीतर बोरिवलीला जात. काही जणी परदेशाच्या परीक्षा देऊन आखाती देशांत जात.

“कुठेच नाही. घरी जातेय. जव्हारला.”

“घरी कोणी आजारी आहे?”

“नाही.” मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “रात्री सात नंबर गेले तेव्हा त्यांची बायको माझा हात धरून रडत होती. आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मनात एवढंच, की आता यांचं सगळं आवरायचं म्हणजे आठ नंबरचं इंजेक्शन उशिरा होणार. मला वाईट वाटलं नाही, सिस्टर. काहीच वाटलं नाही. पहिल्या वर्षी एक आजी गेल्या तर दोन दिवस घास उतरला नव्हता. ती मी कुठे गेले? मला माझीच भीती वाटायला लागलीय.”

इन्चार्ज सिस्टरच्या नोकरीला तेवीस वर्षं झाली होती. घाबरलेल्या आयांना, पोलिसांना, पुढाऱ्यांना, दारू पिऊन आलेल्या नातेवाइकांना काय सांगायचं हे तिला ठाऊक होतं. या मुलीला काय सांगायचं ते सुचेना. “दोन दिवस ऑफ घे, बरं वाटेल,” हे शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले. ड्यूटी लिस्ट तिनेच लावलेली होती. त्या लिस्टमध्ये दोन दिवस नव्हते.

तरी ती म्हणाली, “आज रात्री येऊ नकोस. मी करते नाइट.”

कागदावर या वॉर्डला अठरा जणी होत्या. प्रत्यक्षात नऊ उरल्या होत्या. रात्री चाळीस खाटांना दोघी, म्हणजे एकीच्या वाट्याला वीस. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, आणि रजा, सुट्ट्या, आजारपणं यांसाठी वर तीस टक्के जादा माणसं ठेवायची असतात. हा दंडक इन्चार्ज सिस्टरने शिकताना पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता आणि पुढे नोकरीत कधी पाहिला नव्हता.

रात्रपाळी बारा तासांची. ती संपवून मुली नालासोपारा पूर्वेला भाड्याच्या खोलीवर जात. एका खोलीत चौघी. डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजे, “इव्हिनिंगला कोणीच नाही गं, येशील का?” नाही म्हणणारीच्या नावापुढे ‘अ‍ॅडजस्ट करत नाही’ असा शेरा बसे. हो म्हणणारी पुन्हा उभी राही. एक मुलगी सोडून गेली की तिचे रुग्ण उरलेल्या नऊजणींत वाटले जात, त्या ओझ्याने नववी जाई आणि तिचे रुग्ण आठजणींत वाटले जात.

रुग्णालयाचे मालक डॉक्टर मनाने वाईट नव्हते. दुपारचं जेवण ते चार वाजता, उभ्यानेच उरकत. मध्यरात्री बोलावलं तरी येत. पण त्यांना दिसत होतं ते एवढंच: चाळीस खाटा भरलेल्या आहेत, बाहेर आणखी माणसं ताटकळत आहेत आणि मुली टिकत नाहीत. म्हणून त्यांनी तीन महिन्यांपूर्वी दोन उपाय केले होते. डबल ड्यूटी करणारीला त्याच दिवशी रोख पैसे, आणि नव्या मुलींची मूळ प्रमाणपत्रं दोन वर्षं कपाटात. शिवाय दर वर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिवशी, सगळ्यांना गुलाबाचं फूल आणि केक.

पहिल्या महिन्यात उपाय लागू पडला असं वाटलं. लिस्टमध्ये एकही चौकोन रिकामा राहिला नाही. दुसऱ्या महिन्यात एकीच्या बोटात वापरलेली सुई गेली आणि दोन रुग्णांच्या गोळ्यांची अदलाबदल होता होता राहिली. तिसऱ्या महिन्यात दोघी गेल्या. त्यातली एक तर कपाटातली प्रमाणपत्रं तशीच सोडून गेली.

त्या रात्री इन्चार्ज सिस्टर कित्येक वर्षांनी नाइटला उभी राहिली. दोनच्या सुमाराला वॉर्ड जरा निवळला, तेव्हा नऊ नंबरचे बाबा जागेच दिसले. भुईगावचे शेतकरी, ऐंशीच्या पुढचे. खुब्याचं हाड मोडून आले होते, ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता.

“दुखतंय का बाबा? झोप का नाही?”

“दुखत नाही, बाय. शेजारची खाट रिकामी बघवत नाही.” बाबांनी सात नंबरच्या ताणून घातलेल्या चादरीकडे पाहिलं. “पाणजूचे होते ते. खाडीतल्या बेटावरचे. तीन दिवस मला होडीच्या गोष्टी सांगत होते. तरुणपणी भरती-ओहोटी बघून नायगावला यायचे म्हणे.” मग त्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं आणि सहज विचारलं, “तुला ठाऊक होतं का त्यांचं नाव?”

इन्चार्ज सिस्टरला सकाळची वही आठवली. ‘बेड ७ रिकामा.’ अक्षर तिचंच होतं. तिनेही नाव विचारलं नव्हतं.

“काल रात्रीची पोरगी बघत होतो मी,” बाबा म्हणाले. “नुसती धावत होती. काम एक चुकलं नाही तिचं. पण मला सुई टोचताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. मला तिचा राग नाही आला. मला माझी विहीर आठवली.”

“विहीर?”

“बस जरा. पाच मिनिटं बसलीस तर कोणी मरणार नाही.”

ती स्टूल ओढून बसली. बाबा छताकडे बघत बोलू लागले.

“आमच्या वाडीतल्या विहिरीवर बापाच्या वेळी रहाट होता. पहाटे बैल जुंपायचा, दुपारी सोडायचा. दुपारनंतर बाप रहाटाला हात लावू देत नसे. मी विचारायचो, बैल दमला म्हणून? बाप म्हणायचा, बैलाला दुसरा बैल मिळेल, विहीर दमते म्हणून. रात्रभर तिला कोणी हात लावायचा नाही. सकाळी बघावं तर पाणी पुन्हा आपल्या जागेवर. आणि आत एक दगड होता, भिंतीतून हातभर बाहेर आलेला. खुणेचा दगड. उन्हाळ्यात पाणी खाली जाऊन तो दगड उघडा पडला की रहाट बंद. मग केळी वाळो, पानवेल सुको, दगड पुन्हा बुडेपर्यंत पाणी काढायचं नाही. तो दगड कोणी बसवला होता ते बापालाही ठाऊक नव्हतं. पण मोडायचा नाही, एवढं ठाऊक होतं.

“मग बाप गेला. रहाट गेला, मोटर आली. ऐंशी सालानंतर नालासोपारा, विरारकडे इमारती उठायला लागल्या. माणसं राहायला आली, नळ आले नाहीत. टँकरवाले आमच्या वाड्यांतून फिरायला लागले. एका टँकरचे रोख पैसे हातात. एवढे पैसे पानवेलीने कधी दाखवले नव्हते. मी दिवसा दिले, मग रात्रीही दिले. खुणेचा दगड उघडा पडला तो वर्षं न् वर्षं उघडाच राहिला. त्या दगडाला मी मोटरचा दोर बांधला होता, बाय.”

बाबा थोडा वेळ थांबले.

“विहीर आटली नाही. तोच घात झाला. आटली असती तर शहाणा झालो असतो. टँकर दर वेळी भरूनच जायचा. आधी पानवेलीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. मी म्हटलं रोग आहे. औषध मारलं, खत बदललं. मग घरात डाळ शिजेना. मी म्हटलं डाळ जुनी असेल. शेवटी घरवालीने तांब्या आणला आणि म्हणाली, गिळू नका, तोंडात धरून बघा. खारं होतं.

“लोक म्हणाले समुद्र आत शिरला. माझा मुलगा शाळेत शास्त्र शिकवतो. तो म्हणाला, बाबा, समुद्र कुठून आला नाही, तो खाली होताच. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्याचा भार असतो तोवर खारं खाली दबून राहतं. वरचं गोडं पाणी एक फूट उतरलं, की खालचं खारं चाळीस फूट वर सरकायला बघतं. एकाला चाळीस! मी वरचा एक फूट मोजत बसलो होतो.”

किनाऱ्यावरच्या विहिरींचा हा हिशेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या आरंभी युरोपातल्या समुद्रकाठी गायबेन आणि हर्झबर्ग यांनी वेगवेगळा मांडला होता. भुईगावच्या बाबांना ही नावं ठाऊक नव्हती. त्यांना करपलेली पानं ठाऊक होती.

“मग काय केलंत?”

“टँकर बंद केला. तेव्हा फादर दिब्रिटोंची हरित वसईची चळवळ सुरू झाली होती, गावोगाव सभा व्हायच्या. तिथे मला पहिल्यांदा कळलं, की एकट्याने मोटर बंद करून भागत नाही. सगळ्यांच्या विहिरी खालून एकच. शेजाऱ्याची मोटर रात्रभर चालू असेल तर माझ्या विहिरीने विश्रांती घेऊन काय उपयोग? आम्ही आजूबाजूची घरं बसलो, सगळ्यांनी मिळून वेळ ठरवली. मी निम्मी वाडी दोन वर्षं पडीक ठेवली. घरात चणचण आली, नातेवाइकांनी वेडा म्हटलं. दगडाचा दोर सोडला. पाणी पुन्हा गोड व्हायला चार पावसाळे लागले, बाय. उपसायला चार महिने पुरतात, भरायला चार पावसाळे.”

बारा नंबरची घंटा वाजली. सिस्टर उठली. दाराशी जाऊन ती परत वळली आणि बाबांच्या उशाशी पाण्याचा ग्लास भरून ठेवला. हे काम तिने कित्येक महिन्यांत स्वतःच्या हाताने केलं नव्हतं.

पहाटेपर्यंत तिच्या डोक्यात तोच दगड होता.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात तिने ऐकलं होतं, की २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने कामाने खचवणाऱ्या थकव्याची आपल्या आजारांच्या वर्गीकरणात सविस्तर व्याख्या केली, ती आजार म्हणून नाही तर कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: अंगातलं बळ संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. तेव्हा तिने त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. आता तिला त्यांचा अर्थ लागला. बळ संपणं म्हणजे पाणी खाली जाणं. मन तुटणं म्हणजे खारं वर येणं. जव्हारच्या मुलीचा स्वभाव बदलला नव्हता. कोरडेपणा, चीड, बधिरपणा प्रत्येक माणसात खाली कुठेतरी असतोच. माया त्याला दाबून धरते. ती माया रात्रंदिवस उपसली गेली होती आणि उपसणाऱ्यांना बादली भरलेली दिसत होती, कारण मुलगी रोज वेळेवर येत होती आणि तिचं एकही इंजेक्शन चुकत नव्हतं.

तिला २२ मार्च २०२० ची संध्याकाळ आठवली. गच्च्यांवरून थाळ्या वाजल्या होत्या. तेव्हा तिचे डोळे भरून आले होते आणि ते खोटं नव्हतं. पण त्यानंतरच्या वर्षभरात तिला सलग दोन दिवस झोप कोणी दिली नव्हती. कौतुकाचा आवाज विहिरीच्या काठावर होतो. तळातल्या झऱ्याला हवा असतो वेळ.

सकाळी ओव्हर झाल्यावर तिने जव्हारच्या मुलीला बोलावून घेतलं. नोटिशीचा कागद तिच्यापुढे धरला.

“हा मी माझ्या खणात ठेवते. पुढे पाठवायचा की नाही ते तू परत आल्यावर सांग. बारा दिवस घरी जा. कोणी फोन करणार नाही. मी पण नाही.”

“पण लिस्ट, सिस्टर?”

“लिस्ट मी लावते. आजवर चुकीची लावत होते.”

मग ती डॉक्टरांकडे गेली. हातात ड्यूटीचं रजिस्टर होतं.

“सर, मला दहा बेड बंद करून हवेत.”

डॉक्टरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. “सिस्टर, दहा बेड बंद म्हणजे महिन्याला काय जातं, कल्पना आहे?”

“आहे. आणि वर्षात अकरा जणी गेल्या त्याचं काय गेलं, तेही लिहून आणलंय.” तिने रजिस्टर उघडलं. अकरा नावं. प्रत्येकीच्या जागी आलेल्या नवीला हाताखाली घेऊन शिकवण्यात गेलेले आठवडे. त्या आठवड्यांत जुन्या मुलींनी केलेल्या डबल ड्यूट्या. रोख दिलेले पैसे. सुई टोचलेल्या मुलीच्या तपासण्या. अदलाबदल होता होता राहिलेल्या गोळ्या. “सर, अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि परिचारिका थकून खचण्याची तेवीस टक्क्यांनी. एका रुग्णाने एवढं. आपण एकीला वीस देतोय.”

डॉक्टर गप्प झाले. मग म्हणाले, “आपली तुलना अमेरिकेशी कशी करणार?”

“करू नका. भुईगावशी करा.” आणि तिने त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली.

गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, “दंडक पाचाला एक असा आहे. मी आज तो मागत नाही. रात्री दहाला एक मागते. तीस खाटा आणि तिघी. हा आपला खुणेचा दगड. पाच नंतर मागेन, सोडणार नाही. सलग तीन नाइट झाल्या की दोन दिवस ऑफ, आणि त्या दोन दिवसांत कोणाचाही फोन जाणार नाही. नवी मुलगी आली की पहिले तीन महिने जुनीच्या जोडीनेच. बसायला आणि पाठ टेकायला एक खोली, आतून कडी लागणारी. आणि कपाटातली प्रमाणपत्रं परत. सर, कुलूप लावून मुलगी राहते, तिची माया राहत नाही.”

“आणि पगार?”

“तोही मागणारच आहे. विश्रांतीने घरचं भाडं भरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने सांगून ठेवलंय, की शंभराहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेचा पगार सरकारी पगारापेक्षा दहा टक्क्यांहून कमी पडू नये. आपण कुठे आहोत ते तुम्हाला ठाऊक आहे. एका दिवसात होणार नाही. पण कधी होणार, ते कागदावर हवं.”

डॉक्टरांनी बराच वेळ रजिस्टर चाळलं. अकरा नावांपैकी दोन मुलींनी डॉक्टरांच्या वडिलांच्या आजारपणात याच वॉर्डात रात्री जागवल्या होत्या. त्या नावांवर त्यांचं बोट थांबलं.

“एक पावसाळा,” ते म्हणाले. “एक पावसाळा करून बघू.”

“चार लागतील, सर. पण एकाने सुरुवात होऊ दे.”

आणि मग पावसाळा आला. वसईचा पावसाळा म्हणजे तुंबलेले रस्ते, पाण्याखाली गेलेले रूळ आणि त्यामागोमाग येणारे ताप: मलेरिया, डेंगू, लेप्टो. जुलैच्या एका संध्याकाळी तिसाच्या तीस खाटा भरल्या आणि खाली आणखी पाच जण येऊन बसले. डॉक्टर स्वतः वॉर्डात आले. भिंतीशी दहा खाटा गुंडाळलेल्या गाद्यांसह उभ्या होत्या.

“सिस्टर, खाटा आहेत, गाद्या आहेत. एका रात्रीपुरतं...”

इन्चार्ज सिस्टरने ड्यूटीवरच्या तिघींकडे पाहिलं. तिघीही ऐकत होत्या. नियम त्यांना तोंडपाठ होता. तो पाळला जातो का, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

“सर, दगड उघडा पडलाय.”

अत्यवस्थ माणसाला दारातून परत पाठवायचं नाही, हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. पाचांतला एक तसा होता. त्याला घेतलं आणि सुधारलेल्या एका रुग्णाला त्याच रात्री घरी सोडलं. उरलेल्या चौघांना तपासलं, औषध दिलं. एका नातेवाइकाने आवाज चढवला, “एवढ्या खाटा रिकाम्या दिसतायत ना!” डॉक्टर त्याला सामोरे गेले. म्हणाले, “खाट रिकामी आहे, पण खाटेपाशी उभं राहायला माणूस नाही. नुसत्या खाटेने तुमचा भाऊ बरा होणार नाही.” मग त्यांनी स्वतः फोन हातात घेतला आणि चौघांना दुसऱ्या रुग्णालयांत जागा मिळेपर्यंत तो खाली ठेवला नाही. शेवटची अ‍ॅम्ब्युलन्स निघाली तेव्हा साडेअकरा वाजले होते.

त्या रात्री तिघींपैकी कोणीही काही बोललं नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यांच्यातल्या एकीने मीरा रोडची मुलाखत रद्द केली. कारण कोणी विचारलं नाही, तिने सांगितलंही नाही.

विहीर एका पावसाळ्यात भरली नाही. त्या वर्षीही तिघी गेल्या. एक लग्न होऊन, एक आखाती देशात, आणि एक जुन्या दिवसांचा थकवा घेऊन, जो वेळेत ओळखला गेला नव्हता. पगाराचं एक पाऊल पुढे पडलं, दुसऱ्यासाठी तारीख लिहून घेतली. दुसऱ्या पावसाळ्याआधी पाच नव्या मुली आल्या, त्यातल्या दोघी इथूनच सोडून गेलेल्या. दहा बंद खाटांपैकी चार उघडल्या, पण रात्रीची चौथी सिस्टर उभी राहिल्यावरच.

जव्हारची मुलगी बारा दिवसांनी परत आली होती. येताना घरच्या काजूची पिशवी घेऊन आली. नोटिशीबद्दल इन्चार्ज सिस्टरने विचारलं तेव्हा म्हणाली, “अजून कळत नाही, सिस्टर. खणातच राहू दे.” इन्चार्ज सिस्टरला ते उत्तर आवडलं. तिने कागद फाडला नाही. खण उघडला की तो दिसायचा, आणि ड्यूटी लिस्ट लावण्यापूर्वी ती रोज खण उघडायची.

नऊ नंबरचे बाबा केव्हाच घरी गेले होते, काठी टेकत, विहिरीपर्यंत.

पुढच्या वर्षीच्या भाद्रपदातली एक सकाळ. साडेसात वाजले होते. जव्हारची मुलगी रात्रपाळी संपवून ओव्हर देत होती.

“सातवरचे काका, आगाशीचे. दोनला घाबरून उठले होते, मुलगा दिसत नाही म्हणून. मी थोडा वेळ बसले त्यांच्याजवळ, मग झोपले. त्यांचा मुलगा विरारहून सकाळच्या गाडीने येतो, तो येईपर्यंत कोणीतरी त्यांना चहा द्या, साखर कमी. आठवरचे आजोबा...”

अजून बरेच रुग्ण बाकी होते आणि घड्याळ पुढे सरकत होतं. कोणी घाई केली नाही. इन्चार्ज सिस्टरने वही उघडली, पेन टेकवलं आणि मान वर केली.

“थांब,” ती म्हणाली. “काकांचं नाव काय?”

मुलीने वहीत न बघता नाव सांगितलं.

तात्पर्य: माया आटण्यापूर्वी खारी होते, आणि भरलेल्या बादलीवरून ते कळत नाही. म्हणून ज्याच्या हाती दोर आहे त्याने विहीर भरलेली असतानाच खुणेचा दगड ठरवावा, आणि तहान सर्वांत मोठी असेल त्या दिवशीही तो मानावा.